बैलगाडा शर्यतीच्या मैदानात ड्रायव्हरने नियम मोडला तर कमिटीने काय करायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

भातकापणी झाली, शेतं सुकली की ठाणे जिल्ह्यातल्या शिळफाट्याच्या पलीकडच्या आमच्या गावांमध्ये रोलर फिरायला लागतो आणि मैदानांच्या, म्हणजे बैलगाडा शर्यतींच्या, तारखा पडायला लागतात. मी आमच्या गावच्या शर्यत कमिटीत पंच म्हणून उभा राहतो, कधी सुट्टीला, म्हणजे जोड्या सुटतात तिथे, कधी निशाणाला, म्हणजे शर्यत संपते तिथे. हा लेख लिहायचं कारण एकच घटना आहे आणि ती आमच्याच कमिटीची चूक आहे. एका गटात, म्हणजे एकत्र सुटणाऱ्या जोड्यांच्या फेरीत, एका ड्रायव्हरने छकड्यावरून (शर्यतीच्या हलक्या गाडीवरून) वाकून हात खाली घातला, स्टेजवरून आम्हाला वाटलं याने बैलाला टोचलं, समोर एक मोठा गाडामालक आरडाओरडा करत होता, आणि दोन मिनिटात माईकवरून त्या पोराचं नाव घेऊन सांगून टाकलं की हा ड्रायव्हर आजपासून बाद. तो हातात कासरा घेऊन स्टेजखाली उभा होता, एवढंच म्हणाला, "पन मना कोनी इचारला का?" तिसऱ्या दिवशी मैदानाच्या मधल्या भागात उभ्या असलेल्या एका पोराच्या मोबाईलमधला व्हिडिओ आला. एका बाजूचा कासरा तुटला होता आणि तो लोंबणारं टोक पकडायला वाकला होता, हातात काहीच नव्हतं. तोपर्यंत आजूबाजूच्या चार मैदानांनी त्याची नोंद घ्यायचं बंद केलं होतं.

त्यानंतर मी शोधायला लागलो की जगात दुसरीकडे गाडीची शर्यत होते तिथे हे कसं करतात. तेव्हा हार्नेस रेसिंग सापडलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वीडन इकडे घोड्याच्या मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी जोडतात, त्यावर ड्रायव्हर बसतो, आणि घोड्याने चौखूर उधळायचं नसतं, ठरलेल्या चालीतच पळायचं असतं. अमेरिकेत अंतर साधारण एक मैल, म्हणजे १६०९ मीटर. तिथेही शब्द ड्रायव्हरच आहे, जॉकी नाही, आणि भांडणं अगदी आपल्यासारखीच आहेत, आडवं घातलं, चाक लावलं, जास्त मारलं, मुद्दाम ओढून धरलं. फरक एवढाच की तिथे स्टुअर्ड म्हणून नेमलेली माणसं असतात आणि त्यांची पद्धत लिहिलेली असते. खाली जे सांगतोय ते त्यांच्याकडून घेतलेलं आणि आपल्या मैदानाला बसेल असं केलेलं आहे.

सीझनच्या आधी करायचं काम

अर्धं काम इथेच होतं आणि नेमकं हेच आपण करत नाही. ज्या नियमाची शिक्षा द्यायची तो नियम ड्रायव्हरला आधी माहीत पाहिजे, आणि माहीत होता हे कागदावर दिसलं पाहिजे.

एका पानावर नियम छापा, जास्त नको, आठ-दहा बास. काठी, चाबूक, टोचा, शॉक द्यायची बॅटरी जवळ ठेवायची नाही. शेपटी पिरगाळायची नाही, चावायची नाही. झेंडा पडायच्या आधी सोडायचं नाही. आपली चाकोरी (पळायची पट्टी) सोडून दुसऱ्याच्या जोडीसमोर यायचं नाही. कासरा मुद्दाम ओढून जोडी मागे ठेवायची नाही. दारू पिऊन बसायचं नाही. निशाण पार झाल्यावर जोडी गर्दीत जाऊ द्यायची नाही. पंचाच्या अंगावर जायचं नाही. ज्याचं नाव लिहिलंय त्यानेच बसायचं. अठरा वर्षांखालच्या पोराला बसवायचं नाही, मग तो कितीही चांगला हाकत असू दे.

प्रत्येक नियमाला नंबर द्या. नंतर "नियम ४ मोडला" असं म्हणता आलं की निम्मा वाद संपतो.

नोंदणीच्या फॉर्मवर आपण मालकाची सही घेतो आणि बैलांची नावं लिहितो, ड्रायव्हर कोण ते बऱ्याचदा लिहितच नाही. हे बदला. ड्रायव्हरचं नाव, फोटो, फोन आणि त्याची स्वतःची सही, "नियम वाचले किंवा मला वाचून दाखवले, मान्य आहेत, चूक सिद्ध झाली तर डिपॉझिट कापायला आणि ठरलेल्या मैदानांपुरतं बाहेर ठेवायला हरकत नाही" या ओळीखाली. ही सही फार महत्त्वाची आहे, कारण आपली कमिटी म्हणजे काही कोर्ट नाही, आपल्याला कुणाला दंड करायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, जो काही अधिकार आहे तो या सहीतून येतो.

हार्नेस रेसिंगमधली एक गोष्ट मला फार आवडली. तिथे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ड्रायव्हरच्या अंगावरचे रंग हे ड्रायव्हरचे स्वतःचे असतात, मालकाचे नसतात. लांबून, धुळीतून सुद्धा कळतं कोण बसलाय. आपल्याकडे सगळे बैलाच्या नावाचे टीशर्ट घालतात आणि एकाच मालकाच्या दोन जोड्या असल्या की व्हिडिओत कोण कुठला ते ओळखू येत नाही. पाठीवर मोठा नंबर असलेलं जॅकेट द्या, मैदान झालं की परत घ्या, खर्च काहीच नाही.

कायद्याचं पण थोडं डोक्यात ठेवा. ७ मे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या होत्या, २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्या अटी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, धाव १००० मीटरपेक्षा जास्त नाही, बैलाला मारायचं, टोचायचं, शॉक द्यायचा नाही. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ड्रायव्हरने बॅटरी लावली तर ती फक्त त्याची चूक राहत नाही, परवानगी कमिटीच्या नावावर असते. एका ड्रायव्हरकडे कानाडोळा केला तर सगळ्या जिल्ह्याच्या मैदानांवर पुन्हा कुलूप लागू शकतं, आणि बंदीचे ते दिवस ज्याने गोठ्यात काढलेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

पंच कोण आणि उभे कुठे

किमान पाच पंच. एक सुट्टीला, दोन मधल्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना, एक निशाणाला, आणि एक प्रमुख जो कुठेही धावत नाही, एका जागी बसतो. शिवाय एक लिहिणारा, शाळेतला मास्तर असला तर उत्तम.

ज्याची जोडी, भावाची जोडी, जावयाची जोडी गटात आहे त्याने त्या गटापुरतं खाली बसायचं. आपल्या गावांमध्ये सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, त्यामुळे हा नियम पाळायचा तर पंचांची यादी मोठी ठेवावी लागते आणि शेजारच्या गावातून दोन माणसं बोलवावी लागतात. आम्ही हे सुरू केलं तेव्हा लोक नाराज झाले, पण निकालानंतरचे वाद खरंच कमी झाले.

आता कॅमेरा. आपण सगळे कॅमेरे निशाणावर लावतो कारण कोण पुढे तेवढंच बघायचं असतं. पण चूक बहुतेक वेळा सुट्टीला नाहीतर मधे होते. हार्नेसचे स्टुअर्ड बाजूचा आणि समोरचा असे दोन्ही व्हिडिओ बघतात, कारण बाजूने बघितलं तर किती अंतर होतं ते कळतं आणि समोरून बघितलं तर कोण कोणाच्या रेषेत सरकला ते कळतं, एकाच बाजूने बघितलं की हमखास फसायला होतं. आपल्याकडे निशाणामागे मधोमध, थोडा उंच, समोरून येणाऱ्या जोड्या टिपणारा एक मोबाईल ट्रायपॉडवर लावला तरी पुष्कळ काम होतं. ड्रोन असेल तर चाकोरी सोडली का ते छान दिसतं, फक्त तो खाली आणू नका, बैल बुजतात. सगळ्या मोबाईलमधली वेळ सकाळी एकदा सारखी करून घ्या.

सुट्टीबद्दल एक. आपल्याकडे चुकीच्या सुट्टीवरून जेवढी डोकी फुटतात तेवढी कशावरूनच नाही. हार्नेस रेसिंगमध्ये पण हाच त्रास होता, पुन्हा पुन्हा स्टार्ट घ्यावा लागायचा, मग १९४६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट रेसवेला गाडीवर लावलेलं फिरतं गेट आलं, गाडी पुढे पळते, तिच्या दोन्ही बाजूंच्या पंखांमागे घोडे एका ओळीत येतात, मग गेट मिटतं आणि गाडी निघून जाते. आपल्याला ते जमणार नाही, पण सुट्टीच्या पंचाने झेंडा पाडताना मोठ्याने आकडे मोजले आणि ते व्हिडिओत ऐकू आले तरी कोण आधी सुटला याचा पुरावा राहतो. पहिल्यांदा आधी सुटला तर परत लावा आणि समज द्या, दुसऱ्यांदा सुटला तर जोडी त्या गटातून बाहेर, आणि हे सकाळी माईकवर सांगून ठेवा.

चूक दिसल्यावर पहिली दहा मिनिटं

निकाल थांबवा. माईकवाल्याने एवढंच बोलायचं, "गट नंबर अमुकचा निकाल राखून ठेवलेला आहे." कोणाचं नाव नाही, काय चूक झाली ते नाही, "आता बघू काय करतात पंच" असलं काही नाही. हार्नेसमध्ये बोर्डावर इन्क्वायरी, म्हणजे चौकशी चालू, असं लागतं आणि ते मिटेपर्यंत निकाल पक्का होत नाही, पैसे वाटले जात नाहीत. आपल्या निवेदकांना गर्दी तापवायची सवय असते, त्यांना सकाळीच बाजूला घेऊन समजावा, आमच्या चुकीत माईकचा वाटा सगळ्यात मोठा होता.

लगेच बैल बघा, माणूस नंतर. मारल्याची किंवा टोचल्याची शंका असेल तर जनावरांच्या डॉक्टरला त्याच वेळी जोडीपाशी न्या, पाठ, मांड्या, शेपटीचं मूळ, शेपटीचं टोक, खांदा सगळं बघून त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या आणि फोटो काढायचे. वळ उतरतात, आणि एकदा का मालकाने बैलावर पाणी मारून हळद लावली की काय होतं आणि काय नव्हतं ते देव जाणे. छकडा पण बघा, जू, शिवळा (जूमधल्या खुंट्या), कासरा, बसायच्या फळीखाली काही बांधलंय का. ड्रायव्हरचे खिसे त्याच्याच हाताने रिकामे करायला सांगा, आपण हात घालायचा नाही.

प्रत्येक पंचाने आपण काय पाहिलं ते एकमेकांशी बोलायच्या आधी लिहायचं. तीन-चार वाक्यं पुरे. एकदा का पंच घोळक्यात बोलले की सगळ्यांना तेच दिसलं असं वाटायला लागतं, हे मी स्वतःवर अनुभवलंय, त्या दिवशी मी निशाणाला होतो आणि मला तो पोरगा वाकलेला दिसलाच नव्हता, तरी स्टेजवर गेल्यावर मी मान हलवली.

ड्रायव्हरला बोलावणं

लगेच नको. पाणी पिऊ दे, धूळ धुऊ दे, पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे. मग स्टेजवर नाही, मागच्या मंडपात. त्याच्याबरोबर एक माणूस, हवं तर मालक, हवं तर मोठा भाऊ, पण एकच. बाहेर चाळीस जण उभे असले तरी आत एकच.

प्रमुख पंचाने आधी सांगायचं की कशाबद्दल बोलावलंय. एका वाक्यात. "दादा, गट सातमध्ये झाडापाशी तू चाकोरी सोडून चार नंबरच्या जोडीसमोर आलास असं पंचांचं म्हणणं आहे, नियम चार." मग व्हिडिओ दाखवायचा, त्याला हवा तितक्या वेळा. मग विचारायचं की हे मान्य आहे का. मान्य नसेल तर त्याचं म्हणणं मधे न बोलता ऐकायचं आणि लिहून घ्यायचं, जसं बोलला तसं, आपल्या भाषेत सुधारून नाही. त्याच्याकडे दुसरा व्हिडिओ असेल, साक्षीदार असेल तर मागायचा. ज्याचं नुकसान झालं त्या ड्रायव्हरला पण वेगळं बोलावून ऐकायचं.

व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली क्लिप एकटी धरू नका, ती मागून पुढून कापलेली असते. ज्याने काढली त्याच्या मोबाईलमधला पूर्ण व्हिडिओ मागा.

हार्नेसमध्ये स्टुअर्डपुढे बरोबर हाच क्रम असतो, आरोप सांगतात, कबूल आहे का विचारतात, पुरावा दाखवतात, त्याचं ऐकतात, आणि दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल पुन्हा एकदा विचारतात की तुला काय सांगायचंय. हे शेवटचं आपण कधीच करत नाही. पण तिथेच माणूस खरं बोलतो, की मालकाने मागून मार मार म्हणून ओरडून डोकं फिरवलं होतं किंवा घरात आजारपण आहे आणि रात्रभर झोप नव्हती. चूक चूकच राहते, पण शिक्षा किती द्यायची ते अशा वेळी कळतं.

ठरवताना तीन प्रश्न, एकामागोमाग एक

घटना घडली का? त्यात ड्रायव्हरची चूक होती का? चूक होती तर शिक्षा किती? हे तीन वेगळे ठेवा, बोलताना सुद्धा. आपण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि दुसरा प्रश्न राहूनच जातो, आमच्याकडे तो राहिला म्हणून एका पोराला नाहक बाहेर बसावं लागलं.

दुसरा प्रश्न हार्नेसवाल्यांनी फार बारकाईने सोडवलाय. घोडा चाल सोडून उधळला तर ते उधळणं म्हणजे ड्रायव्हरचा गुन्हा धरत नाहीत, जनावर आहे, होऊ शकतं. गुन्हा ठरतो तो पुढे काय केलं त्यावरून. जागा मोकळी असेल तर त्याने घोडा बाहेरच्या बाजूला घ्यायचा, मागे ओढून पुन्हा चालीत आणायचा प्रयत्न करायचा, आणि उधळण्याचा फायदा घेऊन पुढे जायचं नाही. केलं नाही तर दोष. हाच विचार आपल्याकडे लावा. बैल बुजला, फटाका वाजला, कोणीतरी मधे धावलं, शिवळ तुटली, जोडी चाकोरीबाहेर गेली, इथपर्यंत ड्रायव्हरला काही म्हणायचं नाही. त्यानंतर त्याने कासरा आवरून जोडी थोपवायचा प्रयत्न केला की तशीच दुसऱ्याच्या अंगावर दामटली, ते बघायचं. त्याचे हात बघा, अंगाचा तोल बघा. मागे झुकलाय की पुढे, व्हिडिओत हे स्पष्ट दिसतं.

आता अजून एक गोष्ट जी डोक्यात नीट बसली पाहिजे. शर्यतीचा निकाल आणि ड्रायव्हरची शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्नेसमध्ये एका घोड्याने दुसऱ्याला अडवलं आणि त्यामुळे त्याची जागा गेली तर अडवणाऱ्याला त्याच्या मागे टाकतात, कधी ड्रायव्हरला काही शिक्षा होत नाही तरीसुद्धा, कारण ज्याचं नुकसान झालं त्याला न्याय मिळायला हवा. आणि उलटंही होतं, ड्रायव्हरला शिक्षा होते पण निकाल तोच राहतो कारण त्याच्या चुकीने कोणाची जागा गेली नाही. आपल्याकडे लोक म्हणतात ड्रायव्हरला दोषी धरलंय तर जोडी बाद करा, नाहीतर जोडी बाद केलीय म्हणजे ड्रायव्हर चोर. दोन्ही चूक. समजा जोडी पाच चाकोरी सोडून चारमध्ये आली, चार नंबरवाल्याला थांबावं लागलं आणि तो दुसऱ्यावरून तिसरा झाला, तर पाच नंबरला चारच्या मागे टाका. तिकडे सात नंबरवाला दहा हात पुढे होता, त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही, त्याचा पहिला नंबर हलवू नका. मारहाणीची गोष्ट मात्र मी वेगळी धरतो, बैलाला टोचून किंवा शॉक देऊन जिंकलेली जोडी निकालात ठेवायची नाही, कोणाचं नुकसान झालं असो वा नसो, कारण नुकसान त्या बैलांचं झालेलं असतं आणि त्यांची तक्रार लिहायला कोणी येत नाही.

मुद्दाम ओढून धरण्याचा आरोप सिद्ध करायला सगळ्यात अवघड. बिनजोडमध्ये, म्हणजे दोनच जोड्यांच्या समोरासमोरच्या शर्यतीत, पैशांच्या गोष्टी चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जुगाराचा कायदा १८८७ पासून आहे, त्यात कमिटीने पडूच नये. पण जोडी मागे ठेवली का हे बघायचं तर त्याच जोडीच्या आधीच्या दोन-तीन फेऱ्यांचे व्हिडिओ शेजारी लावून बघा, ड्रायव्हर तोच असेल तर त्याचा कासरा धरायचा ढंग कळतो. नुसतं जोडी हरली म्हणून आरोप करायचा नाही.

शिक्षा किती

ऑस्ट्रेलियात तंबी, दंड, सस्पेन्शन आणि डिसक्वालिफिकेशन अशा पायऱ्या आहेत. सस्पेन्शनमध्ये फक्त हाकता येत नाही, डिसक्वालिफिकेशनमध्ये मैदानात पाय पण ठेवता येत नाही. शिक्षा ठरवताना ड्रायव्हरचं आधीचं रेकॉर्ड बघतात, किती शर्यती बिनतक्रार हाकल्या ते मोजतात, कबूल केलं का ते बघतात, आणि चुकीमुळे काय घडलं ते बघतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात २००९ पासून दोन्ही हातात लगाम ठेवायची सक्ती आली, म्हणजे एका हाताने लगाम धरून दुसऱ्याने चाबूक उगारायची सोयच राहिली नाही. आपण पण "दोन्ही हात कासऱ्यावर" हा नियम लिहू शकतो, मग हातात काय होतं यावर वाद घालत बसावं लागत नाही, हात कासरा सोडून मागे गेला का एवढंच बघायचं. बघायला सोपं आणि सिद्ध करायला सोपं. फक्त तोल सांभाळायला किंवा तुटलेला कासरा धरायला हात सुटला तर ती चूक नाही, हेही त्याच ओळीत लिहा.

आमच्या कमिटीने सध्या असं ठरवलंय, तुम्ही तुमच्या हिशोबाने बदला. चुकीची सुट्टी, पहिल्यांदा समज. निष्काळजीपणे चाकोरी सोडली आणि कोणाला लागलं नाही तर लेखी ताकीद आणि निम्मं डिपॉझिट. निष्काळजीपणाने कोणी पडलं किंवा चाक लागलं तर दोन मैदानं बाहेर. मुद्दाम आडवं घातलं तर पाच. दारू पिऊन आला तर त्या दिवशी बसूच द्यायचं नाही, वर दोन मैदानं, आणि हे बसायच्या आधी तपासायचं, नंतर नाही, तिकडे ड्रायव्हरची श्वास तपासणी शर्यतीआधी होते. पंचावर हात टाकला तर सीझनभर. हाताने बदडणं, शेपटी चावणं याला पहिल्यांदा पण समज नाही, पाच मैदानं. टोचा आणि बॅटरी असेल तर कमिटी आत मिटवायला बसतच नाही, डॉक्टरांचा कागद आणि व्हिडिओ घेऊन पोलिसात द्यायचं.

लक्षात आलं असेल की मी महिने नाही, मैदानं मोजतोय. हे मुद्दाम आहे. आपला सीझन पावसाळ्यात बंद असतो, मे महिन्याच्या शेवटी एखाद्याला तीन महिने बाहेर ठेवलं तर त्याने एकही शर्यत गमावली नाही, तो आरामात शेतीची कामं उरकून दिवाळीनंतर परत येतो. आणि जानेवारीत महिनाभर बाहेर ठेवलेल्याची दर रविवारची कमाई जाते. चूक सारखी, शिक्षा वेगळी. ज्या मैदानात तो खरंच बसला असता तीच मोजायची.

कापलेलं डिपॉझिट बक्षिसात टाकू नका आणि पंचांच्या जेवणात तर अजिबात नको. आम्ही वेगळ्या वहीत लिहितो आणि जखमी बैलांच्या औषधपाण्याला वापरतो, वही कोणालाही बघायला मिळते.

मालकाबद्दल. ड्रायव्हर बऱ्याचदा रोजाने आलेला गरीब पोरगा असतो आणि मागून ओरडणारा मालक असतो. ऑस्ट्रेलियात घोड्याच्या अंगात बंदी असलेलं औषध सापडलं तर ज्याने घोडा शर्यतीला आणला त्या ट्रेनरला जबाबदार धरतात. आपणही बैलाला काही पाजलं, दिलं असेल तर ते ड्रायव्हरच्या गळ्यात मारायचं नाही, जोडी आणणाऱ्याला विचारायचं. आणि मालक मार म्हणून ओरडला हे दोघांनी ऐकलं असेल तर मालकाची पण नोंद दोन मैदानं बंद.

एक गोष्ट कधीच करू नका. शिक्षा मैदानापुरतीच ठेवा. त्याला गावजेवणाला बोलवू नका, लग्नाला जाऊ नका, असलं काही माईकवरून किंवा ग्रुपवर गेलं तर ते सामाजिक बहिष्कारात जातं आणि त्याविरुद्ध राज्याचा २०१६ चा कायदा आहे, त्यात कैद पण आहे.

लिहून देणं

त्याच दिवशी, हाताने लिहिलं तरी चालेल. नमुना असा:

"गट ७, दुपारी ३ वाजून १० मिनिटं. जॅकेट नंबर ५ चा ड्रायव्हर. नियम ४, चाकोरी सोडणे. मधल्या पंचांची नोंद आणि समोरचा व्हिडिओ पाहिला. ड्रायव्हरचं म्हणणं, उजवा बैल बुजला. पंचांच्या मते बैल बुजला हे खरं, पण त्यानंतर वीसेक हात कासरा आवरायचा प्रयत्न दिसत नाही. चूक निष्काळजीपणाची. चार नंबरच्या जोडीचं नुकसान झालं म्हणून पाच नंबर निकालात त्याच्या मागे. कोणी पडलं नाही. आधी एकही तक्रार नाही. शिक्षा, लेखी ताकीद आणि निम्मं डिपॉझिट. अपील तीन दिवसात."

खाली पाचही पंचांच्या सह्या, कोणाचं मत वेगळं असेल तर तेही. एक प्रत ड्रायव्हरला. माईकवर मग यातला फक्त निकाल आणि नियम नंबर वाचायचा.

अपील

ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच अपील ऐकायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १ ऑगस्ट २०१९ पासून वेगळं रेसिंग ट्रिब्युनल आहे, गंभीर प्रकरणं तिकडे जातात. न्यूझीलंडमध्ये १ जुलै २०२१ पासून रेसिंग इंटिग्रिटी बोर्ड आहे, तिथे आरोप ठेवणारे स्टुअर्ड आणि निवाडा करणारी समिती वेगळी असते. आपल्याला एवढं मोठं काही नको, आजूबाजूच्या तीन गावांतले तीन जुने जाणते, ज्यांची त्या मैदानात जोडी नव्हती, बस. तीन दिवसात अर्ज, पुढच्या मैदानाच्या आत निकाल. अपील चालू असेपर्यंत साध्या चुकीत त्याला बसू द्या, बैलाला त्रास दिल्याच्या प्रकरणात नको. आणि अपील केलं म्हणून शिक्षा वाढवायची नाही, नाहीतर कोणी करणारच नाही.

इतर मैदानांना कळवणं आणि परत घेणं

कल्याण ग्रामीण, तळोजा, अंबरनाथ, भिवंडीकडच्या कमिट्यांनी एकमेकांना कळवलं नाही तर शिक्षेला काही अर्थ नाही, आज इथे बाहेर आणि रविवारी तिथे हजर. पण कळवताना फक्त चार गोष्टी, नाव, नियम, किती मैदानं, कधी संपते. अपीलाची मुदत संपल्यावरच पाठवायचं. फोटोवर लाल फुली मारून ग्रुपमध्ये टाकायचं नाही. आणि शिक्षा संपली की "संपली" हा मेसेज पण त्याच सगळ्यांना गेला पाहिजे, हा दुसरा मेसेज आपण कायम विसरतो.

परत आल्यावर त्याच्या पहिल्या फेरीला मधला एक पंच त्याच्या चाकोरीच्या जवळ ठेवा आणि फेरी झाली की त्याच्यासमोर बैल बघा. काही नसेल तर तेही वहीत लिहा, त्याच्या नावापुढे चांगली नोंद पण दिसू दे.

आणि कमिटीची चूक झाली असेल तर जिथे नाव घेतलं तिथेच, त्याच माईकवरून ती कबूल करायची. आम्ही पुढच्या मैदानात पहिला गट सोडायच्या आधी त्या पोराला स्टेजवर बोलावलं, तुटलेल्या कासऱ्याचा व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला, प्रमुख पंच माईकवर म्हणाले आमची चूक झाली, आणि त्याला बाहेर ठेवलेल्या चारही कमिट्यांना तिथूनच फोन केले. तो काही बोलला नाही, खाली उतरला आणि छकड्याकडे गेला. त्या दिवशी तो गट दोनमध्ये बसला होता.